बिनविरोध ब्राउझर

आमच्या कारखान्याचं नाव मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही. नगर जिल्ह्यात एका साखर कारखान्याच्या धुराड्यावरून नजर हलवली की दुसरं धुराडं दिसतं. प्रत्येक धुराड्याखाली एक चेअरमन असतो, चेअरमनच्या बंगल्यासमोर हिरवळ असते आणि हिरवळीवर सिमेंटची हरणं असतात. वाचकांनी आपल्या माहितीतला कुठलाही कारखाना घ्यावा. माप बसेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी या कारखान्याच्या संगणक विभागात होतो. विभाग म्हणजे एक खोली. पूर्वी तिथे रिकामी पोती ठेवत, त्यामुळे वातानुकूलन यंत्र बसवल्यावर थंडगार हवेला गोणपाटाचा वास येऊ लागला. यंत्र मशीनसाठी होतं, माणसांनी त्याचा गैरफायदा घेऊ नये अशी पाटी होती. चपला बाहेर काढाव्या लागत. खुद्द चेअरमनही पंपशू काढून, मोज्यांवर, देवळात यावं तसे आत येत. उद्घाटनाच्या दिवशी पुरोहितांनी मॉनिटरच्या काचेला हळदकुंकू लावलं होतं. ते पुसायची हिंमत कुणाला झाली नाही, त्यामुळे आमच्याकडे कुठलीही आकडेवारी उघडली तरी तिच्या कपाळावर कुंकू असे.

माझं पद होतं संगणक चालक, हंगामी. म्हणजे बॉयलर पेटला की मी नोकरीत आणि बॉयलर थंड झाला की मी कागदावर थंड. प्रत्यक्षात मी बाराही महिने त्याच खुर्चीत बसलेला असायचो. पण कारखान्याच्या दृष्टीने त्यातले काही महिने ती खुर्ची रिकामी होती.

ही गोष्ट मला फारशी बोचत नव्हती. बोचू लागली ती स्थळ आल्यावर.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली करणारे एक गृहस्थ होते. रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा ठरवायचा, आणि वरती चेहरा असा ठेवायचा की समोरच्याला वाटावं, यांना बैलात रस नाही, फक्त हवापाण्यावर बोलायचं आहे. स्वतःचा थोडा ऊसही होता, म्हणून आमच्या कारखान्याचे सभासद. त्यांची मुलगी डी.एड. झालेली. आमची पहिली भेट त्यांच्या घरी झाली तेव्हा तिने मला एकच प्रश्न विचारला, की तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरवर नेमकं काय करता. मी हातवारे करून, उठून, एकदा तर खुर्चीला मॉनिटर कल्पून, संगणकयुगाचं दर्शन घडवलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे टायपिंग."

त्या क्षणापासून मला दुसरी मुलगी सुचेना.

तिच्या वडिलांनी मला अंगणात चालायला लावलं, पाणी आणायच्या निमित्ताने. परत आलो तेव्हा त्यांचं निरीक्षण पुरं झालेलं होतं. माणूस ठीक आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं, म्हणजे ठीक असणार हे मी ओळखलं. मग त्यांनी विचारलं, "पाव्हणं, नोकरी कायम हाय का?" मी म्हणालो, हंगामी आहे, पण होईल. ते म्हणाले, "मी जनावर बी हंगामापुरतं इकत न्हाई. पोरगी कशी देऊ? दिवाळीपतूर कायमची ऑर्डर दाखवा, मग बसू."

कायमची ऑर्डर चेअरमनच्या हातात. चेअरमन माझ्याकडे बघतील असं काहीतरी घडायला हवं होतं. आणि त्याच पावसाळ्यात कारखान्यात इंटरनेट आलं.

कारखान्याला दोन टेलिफोन लाइनी होत्या. एक चेअरमनची आणि दुसरी उरलेल्या जगाची. इंटरनेट दुसऱ्या लाइनीवर लावलं, त्यामुळे आम्ही जगाशी जोडले गेलो की जगाला आमच्याशी बोलता येत नसे. जोडताना मोडेम असा ओरडायचा, की चरकात उसाऐवजी पत्र्याचा डबा घातलाय असं वाटावं. हजेरी लावणाऱ्या टाइम ऑफिसची माणसं तो आवाज ऐकायला खिडकीशी यायची.

आता मुख्य पात्राची ओळख. पडद्यावर एक निळं अक्षर होतं. त्यावर टिचकी मारली की इंटरनेटची पानं दाखवणारा ब्राउझर उघडायचा. त्याला कुणी मागवला नव्हता, कुणी निवडला नव्हता. मशीन ज्या प्रणालीवर चालायचं ती ज्या कंपनीची, त्याच कंपनीचा हा ब्राउझर. खोक्यातून उतरला तेव्हाच निवडून आलेला होता.

आमच्याकडे याला बिनविरोध म्हणतात आणि गुलाल उधळतात. बाहेरच्या लोकांना बिनविरोध म्हणजे सगळ्यांचं एकमत वाटतं. तसं काही नसतं, त्याला कष्ट पडतात. अर्ज सगळेच भरतात. मग माघारीच्या मुदतीपर्यंत एकाच्या पुतण्याला शिपायाची जागा निघते, दुसऱ्याच्या उसाला लवकरची तोड मिळते, आणि तिसरा फारच तत्त्वाचा निघाला तर त्याला प्रेमाने जीपमध्ये घालून भंडारदऱ्याचं धरण दाखवायला नेतात. तो निसर्गाचा आनंद घेऊन परत येतो तोवर मुदत टळलेली असते आणि त्याचा अर्ज मागे घेतला गेलेला असतो, त्याच्याच सहीने. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतं की सभासदांनी विद्यमान नेतृत्वावर संपूर्ण विश्वास दाखवला.

निळ्या अक्षराला गुलाल तेवढा लागायचा राहिला होता. कुंकू लागलेलंच होतं.

नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर मी कॉम्प्युटरचं एक मासिक घेतलं, त्याच्याबरोबर एक सीडी मिळाली आणि सीडीत दुसरा ब्राउझर निघाला. त्याच्या चित्रात जहाज वळवायचं लाकडी चाक होतं. समुद्र आमच्यापासून इतका लांब, की त्या चाकाने जहाज वळतं हे सांगूनही कुणाला पटेना. सगळे त्याला नुसतं चाक म्हणू लागले. मी ते मशीनवर चढवलं, निव्वळ हौसेने. पडद्यावर निळ्या अक्षराच्या शेजारी चाक येऊन बसलं. हेडक्लार्क बघून गेले आणि हळूच विचारते झाले, दोन कशाला, साहेबांना विचारलंय का?

साहेबांना विचारायची वेळ लवकरच आली. एका मराठी दैनिकाने नुकतंच इंटरनेटवर पान काढलं होतं आणि त्यात चेअरमनची बातमी होती. कुठल्यातरी बंधाऱ्याचं भूमिपूजन. चेअरमन मोज्यांवर आत आले, मागे तीन संचालक, त्यांच्यामागे शिपाई खुर्ची घेऊन. मी निळ्या अक्षरावर टिचकी मारली. फोटो आला, हळूहळू, टोपीपासून खाली. त्याखाली मजकूर आला. अक्षरांच्या वेलांट्या एकीकडे, उकार दुसरीकडे, मधूनच प्रश्नचिन्ह, आणि चेअरमनच्या आडनावाच्या पोटात डॉलरची खूण.

"हे माझं नाव आहे?" चेअरमननी विचारलं.

मी म्हणालो, "हो साहेब."

"यात डॉलर कुठून आला?"

तिन्ही संचालकांनी छताकडे पाहिलं. त्या प्रश्नाला इतकी उत्तरं शक्य होती की कुणीच धोका पत्करला नाही.

मी घाईघाईने चाक उघडलं. गंमत अशी, की त्या काळी प्रत्येक दैनिकाचे छापायचे मराठी टाइप वेगळे असत. या दैनिकाने आपले टाइप पानाबरोबरच पाठवायची सोय केली होती, पण ती चाकातच चालायची. निळ्या अक्षराला ते टाइप घ्यायचे नव्हते. चाकात पान उघडलं आणि चेअरमनचं नाव सरळ, शुद्ध, वेलांटी-उकारांसह उभं राहिलं. डॉलर गेला. साहेब प्रसन्न झाले. हे कुणाचं, म्हणाले. मी सांगितलं, दुसऱ्या कंपनीचं. ते म्हणाले, "चांगलं आहे. राहू द्या." आणि मग माझ्याकडे पहिल्यांदा बघून, "काय हो कॉम्प्युटर, तुमचं कायमचं काय झालं?"

कारखान्यात सगळ्यांना खात्याच्या नावाने हाक मारायची रीत होती. बॉयलर, वजनकाटा, गोडाऊन. मी कॉम्प्युटर. मी सांगितलं, अर्ज दिलाय साहेब. ते म्हणाले, बघू.

त्या 'बघू'वर मी आठवडाभर तरंगत होतो. घोडेगावला निरोपही पाठवला.

मग पुण्याहून मशीन पुरवणाऱ्या दुकानाचा इंजिनीअर दुरुस्तीला आला. गळ्यात टाय, आणि त्या टायला गोणपाटाचा वास लागू नये म्हणून तो सतत तो झटकत होता. मी जेवायला गेलो असताना त्याने चाक काढून टाकलं. दुपारी चेअरमन नवी बातमी बघायला आले आणि डॉलर परत आला.

टायवाल्याला बोलावणं गेलं. तो अजिबात घाबरला नाही. अतिशय समजूतदार आवाजात त्याने सांगितलं, "साहेब, मशीनबरोबर जे येतं तेच वापरायचं असतं. तुमच्याच सोयीसाठी दिलेलं आहे. बाहेरचं घातलं की नीट चालत नाही, मग आमच्याकडे तक्रार आणू नका. आणि सगळे तेच वापरतात की. वेगळं हवंच कशाला?"

हे शब्द मी पूर्वी कुठेतरी ऐकले होते. कुठे, हे आठवायला मला फार वेळ लागला नाही.

आमच्या भागात वर्षानुवर्षं झोनबंदी होती. सरकारने प्रत्येक कारखान्याभोवती एक वर्तुळ आखून दिलेलं. वर्तुळात ज्याचा ऊस, त्याने तो त्याच कारखान्याला घालायचा. शेजारचा कारखाना बांधापलीकडे असला आणि आपला कारखाना तोडणीची टोळी पाठवायला विसरला, तरी ऊस तिथेच उभा राहून म्हातारा होणार. एक-दोन वर्षांपूर्वी सरकारने ते वर्तुळ पुसलं होतं. म्हणजे कागदावरून. टोळ्या, ट्रक, कालव्याकडेचे रस्ते आणि रस्त्यांवरचे पूल पुसायला सरकार विसरलं होतं. आणि कुणी शेजारी जायचं नाव काढलं, तर चेअरमन त्याला हिरवळीवर चहाला बोलावून अगदी याच आवाजात समजावत, की कारखाना तुमचाच आहे, तुमच्याच सोयीसाठी आहे, बाहेर घातलात आणि काही झालं तर तक्रार आणू नका, आणि सगळे इथेच घालतात की.

मी चेअरमनच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना काही आठवल्याचं दिसलं नाही. ते संतापाने लाल झाले होते.

"माझ्या कारखान्यात काय उघडायचं," टायवाला गेल्यावर ते म्हणाले, "ते हा ठरवणार?"

आता माझ्या स्वभावाला इथे गप्प बसणं शक्य नव्हतं. मी त्यांना सांगितलं, की साहेब, हीच तक्रार घेऊन अमेरिकेचं सरकार कोर्टात गेलंय. प्रणाली तुमची, तर तिच्यातच स्वतःचा ब्राउझर चिकटवून देता आणि दुसऱ्याला जागा ठेवत नाही, गिऱ्हाइकाने निवडायचं कधी, असा खटला आहे. चेअरमन खुर्चीत पुढे सरकले.

"सरकारने? एवढ्या मोठ्या कंपनीवर? त्यांचं मंत्रालयात कुणी नाही का?"

मी म्हणालो, तसं दिसत नाही. त्यांना कंपनीची कीव आल्यासारखं दिसलं. मग विचार करून म्हणाले, "म्हणजे आपल्या खरेदी-विक्री संघात युरियाच्या गोणीबरोबर जस्ताची पिशवी घ्यावीच लागते, तसलं लिंकिंग."

मोठी माणसं मोठ्या शोधाच्या अशी जवळ येतात तेव्हा मध्ये बोलू नये.

"पण ते वेगळं," चेअरमन म्हणाले. "ते शेतकऱ्याच्या हिताचं आहे."

आणि त्यांनी जाहीर केलं की येत्या वार्षिक सभेत ते या जागतिक विषयावर बोलणार. भाषण मी लिहायचं. कायमच्या अर्जाचं सभेनंतर बघू.

मी भाषण लिहिलं. आयुष्यात पुढे बरंच लिहिलं, पण तितक्या जीव ओतून नाही. माझं लग्न त्या कागदांवर होतं. रस्ता ज्याच्या मालकीचा त्यानेच गाडीही हाकायची आणि दुसऱ्याची गाडी रस्त्यावर येऊ द्यायची नाही, तर प्रवाशाने जायचं कुठे, असं एक वाक्य होतं. निवड ही कुणी केलेली मेहेरबानी नाही, असं दुसरं. चेअरमननी ते हिरवळीवर हरणांना दोनदा वाचून दाखवलं आणि शेवटी स्वतःच्या हाताने भर घातली, की अशा एकाधिकाराचा मी या व्यासपीठावरून जाहीर निषेध करतो.

सहकारी कारखान्याची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी तिची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. मांडवात व्यासपीठासमोर सतरंजीवर पहिली रांग असते ती आपल्या माणसांची. पांढऱ्या टोप्या, कडक इस्त्री. सेक्रेटरी विषय वाचतात, "विषय क्रमांक अमुक, अहवाल सालचा ताळेबंद वाचून कायम करणे," आणि त्यांचा आवाज शेवटी खाली उतरला की पहिली रांग एकसुरात ओरडते, मंजूर. मागचे लोक तोंड उघडेपर्यंत पुढचा विषय सुरू झालेला असतो. यात शब्द ऐकायचे नसतात. आवाज कधी उतरतो एवढंच ऐकायचं असतं. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्या रांगेचा कान इतका तयार झाला होता, की एकदा माइकवाल्याने "हॅलो, हॅलो, माइक चालू आहे" म्हटलं, तेही त्यांनी मंजूर करून टाकलं होतं.

माझे होऊ घातलेले सासरे सभेला आले होते. मीच बोलावलं होतं, म्हणजे माझे शब्द चेअरमनच्या तोंडून त्यांनी ऐकावेत. ते मांडवाच्या मधल्या खांबाला टेकून, उपरणं गुडघ्यांवर टाकून, या सभेत रस नसल्याचा चेहरा करून बसले होते.

नेहमीचे विषय झटपट मंजूर झाले आणि चेअरमन भाषणाला उभे राहिले. ते बोलले फार छान. अमेरिकेचं सरकार, बलाढ्य कंपनी, निळं अक्षर, चाक, रस्ता, गाडी, प्रवासी. सभासदांना ब्राउझर म्हणजे काय हे कळलं नाही, पण बहुतेकांनी तो फवारणीचा पंप असावा असं धरून घेतलं, आणि माझ्या शेजारच्या एका म्हाताऱ्याने विचारलं की यावर अनुदान किती. मात्र निवड ही मेहेरबानी नाही या वाक्याला मागून टाळ्या पडल्या. त्या टाळ्या जरा जास्तच मनापासून होत्या. निषेधाचं वाक्य चेअरमननी मूठ उंचावून म्हटलं आणि ते समाधानाने बसले.

सेक्रेटरींनी रिवाजाप्रमाणे विचारलं, ऐनवेळच्या विषयांत कुणाला काही बोलायचंय का. हे असंच विचारायचं असतं. मधल्या खांबाजवळून सासरे उठले.

"साहेब, भाषन ब्येस झालं. एक शंका हाय. माज्या उसाला मागल्या साली तुरे आलं, पर तोड न्हाई आली. वजन निम्मं ऱ्हायलं. शेजारचा कारखाना न्यायला तयार हाय. तुमी आत्ता सांगितलं, की रस्तावाल्यानं दुसऱ्याची गाडी आडवू न्हाई. तवा म्हनलं, ज्याला जिकडं वाटंल तिकडं त्यानं आपला ऊस घालावा, कारखान्यानं आडकाठी करू न्हाई, असं ठरवावं."

दलालाचा गळा तो. बाजारात शेवटचा आकडा नेहमी हळू सांगायचा असतो. 'ठरवावं' म्हणताना त्यांचा आवाज असा अलगद, असा सफाईने खाली उतरला, की सेक्रेटरींनाही कधी जमला नसता.

"मंजूर!" पहिली रांग ओरडली.

मांडवात वारा नव्हता, तरी कुठूनतरी एक कनात फडफडली. चेअरमननी पहिल्या रांगेकडे पाहिलं. पहिल्या रांगेने एकमेकांकडे पाहिलं. मग मागच्या बाजूने हसू फुटलं, त्यातून टाळ्या सुरू झाल्या आणि टाळ्यांत शिट्या मिसळल्या. सेक्रेटरी पेन हवेत धरून चेअरमनच्या कानाशी वाकले आणि माइक बंद करायचं विसरले. त्यामुळे त्यांची कुजबुज सगळ्या शिवारात गेली.

"साहेब, लिहू का?"

चेअरमननी पाणी प्यायलं. पूर्ण तांब्या. मग म्हणाले, "लिहा. सभासदांची इच्छा."

माझ्या लग्नाची त्या वेळी काय अवस्था झाली असेल, ते बघा. ज्यांना नोकरी दाखवायची त्यांनीच, मी लिहिलेल्या भाषणाच्या आधाराने, ज्यांच्याकडून नोकरी मिळायची त्यांना भर सभेत उताणं पाडलं होतं. सभा सुटल्यावर सासरे माझ्याकडे आले आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पाव्हणं, भाषन झ्याक लिवलं."

मी म्हणालो, "मामा, मी लिहिलं हे कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? चेअरमन एवढं खरं सोताहून बोलत्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. चेअरमन रागावले तर कारखान्यातला माणूस सुटकेचा निःश्वास टाकायचा. ते हसले की घरी कळवावं लागे. मी आत गेलो तेव्हा ते हसत होते.

"काय हो कॉम्प्युटर, ते तुमचे सासरे का?"

"होणार होते साहेब."

"होतील, होतील." त्यांनी कागद पुढे सरकवला. माझी कायमची ऑर्डर. सही झालेली. मी पायाच पडणार होतो, तेवढ्यात दुसरी ओळ दिसली. नेमणूक कारखान्याच्या कार्यक्षेत्राच्या अगदी शेवटच्या टोकाच्या, उसाच्या नोंदी घेणाऱ्या गट ऑफिसात, तेथील कामकाजाचे संगणकीकरण करणेकामी. जुनं मशीन बरोबर न्यायचं.

मी विचारलं, तिथे टेलिफोन आहे का. ते म्हणाले, येईल. आणि मी दारापर्यंत पोचल्यावर, अतिशय प्रेमाने, "ते चाक घेऊन जा बरं का. निवड महत्त्वाची."

हंगाम सुरू झाला. कारखान्याने ठरावाचा शब्द पाळला. सासऱ्यांच्या उसाला कुणीही आडकाठी केली नाही. फक्त त्यांच्या शिवाराकडच्या रस्त्यावर ओढ्यावरचा पूल आहे, तो बॉयलर पेटायच्या दिवशीच दुरुस्तीला निघाला. शेजारच्या कारखान्याचे ट्रक पुलापर्यंत येत आणि निसर्ग बघून परत जात. आठवड्याभरात सासरे घोडेगावच्या बाजारात गेले. ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं बैल मिळवून दिले होते, ते आपापल्या बैलगाड्या घेऊन आले आणि ऊस ओढ्यातल्या गाडीवाटेने, पुलाच्या खालून, वाजतगाजत शेजारच्या कारखान्याला गेला. तुरे यायच्या आत. पुलावर बसलेला कारखान्याचा वॉचमन वरून बघत होता. त्याला पूल अडवायचा हुकूम होता, ओढ्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

ऊस गेल्यावर सासरे माझ्या घरी आले. ऑर्डर दोन्ही बाजूंनी पाहिली. कायम हा शब्द बोटाने चाचपला. मग म्हणाले, आमच्याकडून ठरलं. घरी जाऊन त्यांनी मुलीला विचारलं, म्हणजे विचारल्यासारखं केलं, की काय गं, मंजूर ना? ती म्हणाली, "अण्णा, आधी विषय तर पूर्ण वाचा."

आणि ती विषय वाचायला स्वतः गट ऑफिसात आली, वडिलांना बरोबर घेऊन. आमच्याकडे मुलाची नोकरीची जागा बघायला मुलगी जात नाही. गट ऑफिसचे स्लिपबॉय आणि चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी आणि तोडीच्या चिठ्ठ्या पोचवणारे दोघं, दारात उभे राहून बघत होते.

एका खोलीत पत्र्याखाली मशीन होतं, मॉनिटरवर अजून कुंकू. टेलिफोन आला नव्हता, येणारही नव्हता. पडद्यावर मात्र निळं अक्षर आणि मी सीडीवरून पुन्हा चढवलेलं चाक शेजारी शेजारी. तिने विचारलं, या दोघांत फरक काय? झालं. मी उठलो. अमेरिकेचा खटला, टाइपांचं राजकारण, गिऱ्हाइकाचा हक्क, सगळं सांगितलं, खुर्चीला पुन्हा मॉनिटर केलं, खरा मॉनिटर समोर असून. तिने ऐकून घेतलं, पुढे वाकली आणि निळ्या अक्षरावर टिचकी मारली. पान उघडत नाही, असं आलं. ते बंद करून तिने चाकावर टिचकी मारली. थोडा वेळ विचार करून चाकानेही तेच सांगितलं.

"दोन्ही उघडत नाहीत की."

"लाइन नाही ना."

"मग निवडायचं काय?"

सासरे खांबाला टेकून बाहेर बघत होते, या बोलण्यात रस नसल्यासारखे.

ती म्हणाली, मला अजून दोन स्थळं आली आहेत. एक बँकेत आहे, शहरात. दुसऱ्याचा बंगला आहे. तिघांचंही मी बघणार आणि मग सांगणार. जगात निवडीच्या बाजूने मी इतकं बोललो होतो आणि आता माझ्याच पडद्यावर तीन चित्रं होती.

मग ती खुर्चीत नीट बसली आणि म्हणाली, "तुमचं ठरलं तर माझे विषय आधी सांगते. एक, मी डी.एड. केलंय ते घरात बसायला नाही, शाळेत नोकरी लागेल तिथे मी जाणार. दोन, माझा पगार कसा खर्च करायचा, ते…"

'ते' म्हणताना तिचा आवाज किंचित उतरला. विचार करायला थांबली असावी.

"मंजूर!" मी ओरडलो.

दारातले दोघं दचकले. सासऱ्यांनी पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि रुमालाखाली सौदा पटल्यावर दलाल हसतो तसं हसले. ती मात्र हसली नाही. तिने फक्त पदर सारखा केला आणि विचारलं, "पुढचं ऐकायचं नाही का?"

मी म्हणालो, नको.

तिने ती दोन स्थळं खरोखरच पाहिली आणि मगच होकार कळवला. अमेरिकेतला खटला तेव्हा चालूच होता. त्याचं पुढे जे व्हायचं ते झालं, चाकही हळूहळू थकून गेलं. कारखान्याची पुढची निवडणूक बिनविरोध झाली. तिचे राहिलेले विषय मला लग्नानंतर एकेक करून कळत गेले. अजून संपलेले नाहीत.